ट्रॅक्टर पलटला होता? सरळ केल्यावर सेल्फ मारण्याआधी हे वाचा

(पन्नास हॉर्सपॉवरपर्यंतच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरसाठी. हे पत्रक टूलबॉक्समध्ये ठेवा.)

चालकाला मार लागला असेल तर आधी १०८ ला फोन. ट्रॅक्टर कुठे पळून जात नाही.

दर हंगामात इंदूरच्या आमच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपला येणारा फोन साधारण असा असतो: "ट्रॅक्टर नाल्यात आडवा झाला होता, जेसीबीने सरळ केला. दिसायला काही झालेलं नाही. पण सेल्फ मारला की टक्क आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. बॅटरी उतरली असेल का?" बॅटरी बहुतेक वेळा ठीक असते. सिलिंडरमध्ये तेल शिरलेलं असतं. आणि फोन येईपर्यंत दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून धक्का मारायची तयारीही झालेली असते. तो धक्का मारू नका, एवढ्यासाठीच हे पत्रक छापलं आहे.

आत काय झालेलं असतं

ट्रॅक्टर आडवा किंवा उलटा पडला की चेंबरमधलं (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) सहा-सात लिटर ऑइल जागा सोडतं. काही पिस्टनच्या खालच्या बाजूने रिंगांमधून झिरपतं, काही टॅपेट कव्हरमधून व्हॉल्व्हच्या गाइडवाटे उतरतं, काही ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतं. जुन्या ट्रॅक्टरला ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतलं तेल सरळ इनटेकच्या पाइपात जातं. रिंगा आणि गाइड जितके झिजलेले, तितकं तेल जास्त. म्हणून नव्या ट्रॅक्टरपेक्षा जुन्याला हा धोका मोठा.

आता हिशेब बघा. अडीच लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ८३० सीसी येतात. कम्प्रेशन सतरास एक धरलं, तर पिस्टन अगदी वर आला असताना उरणारी जागा फक्त ५० सीसीच्या आसपास. म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातल्या चहाचा छोटा ग्लाससुद्धा भरणार नाही एवढी. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तेवढं तेल आत असलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही.

सेल्फ मारल्यावर मोटर अडकून थांबली तर नशीब म्हणायचं. धक्का स्टार्टमध्ये मात्र दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर चाकांवाटे इंजिनला जबरदस्तीने फिरवतो. तिथे थांबणारं काही नसतं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट म्हणजे रॉड थोडाच वाकला तर इंजिन चालूही होतं. जरा जास्त धूर, जरा ठकठक, एवढंच. मग पेरणीच्या ऐन दिवसात तोच रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून तेल काढणं हे काही तासांचं काम आहे. ब्लॉक गेला तर इंजिनच बदलायचं.

"रात्रभर उभा ठेवला, तेल खाली उतरलं असेल", हेही ऐकायला मिळतं. क्रँकच्या भागातलं तेल चेंबरमध्ये उतरतं, खरं आहे. पण पिस्टनच्या डोक्यावर साचलेलं तेल, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असतील तर तिथेच बसून राहतं. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर दिसली म्हणून सिलिंडर रिकामा आहे असं धरू नका.

शेतातच करायचं

पहिलं, डिझेलचा कॉक बंद करा. बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी काढा, दुसरी नंतर. जवळ बिडी-सिगारेट नको.

सरळ करताना साखळी मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगला बांधा. स्टिअरिंग, मडगार्ड, सायलेन्सर यांना बांधलेली साखळी आम्ही पाहतो आणि बिलात चार पार्ट आपोआप वाढतात. ट्रॉली जोडलेली असेल तर आधी ती सोडवा. ज्या बाजूला ओढून ट्रॅक्टर उभा करणार, त्याच्या उलट बाजूला दुसरी साखळी ताणून धरणारा ट्रॅक्टर हवाच. नाहीतर तो चाकांवर येऊन थांबत नाही, पलीकडे पुन्हा पलटतो. साखळीच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभं राहू नये. सरळ झाला की चाकांना दगड लावा, आणि हात आवरा.

बॅटरीतलं अॅसिड सांडलं असेल तर हातमोजे घालून त्या जागेवर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका (लिटरला दोन चमचे), फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. सांडलेल्या अॅसिडच्या जागी नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं तर बॅटरी पातळ पडते. ती बॅटरीवाल्याकडेच न्या.

तेल बाहेर काढायची पद्धत

ज्यांच्याकडे पाने आहेत आणि जे स्वतः नोझल काढतात, त्यांच्यासाठी. क्रम बदलू नका.

१. नोझलच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलने साफ करा. भोक उघडल्यावर पडलेला खडा नंतर सापडत नाही.

२. सगळे नोझल काढा, "ज्यात तेल वाटतं" तेवढाच एक नाही. पाइपांची आणि पंपाची तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकने झाकून ठेवा.

३. इनटेक पाइप आणि मॅनिफोल्ड खोला, आतलं तेल पुसून काढा. ही पायरी लोक विसरतात. मॅनिफोल्डमधलं तेल राहिलं तर चालू केल्यावर इंजिन तेच तेल जाळून सुसाट सुटतं. मग पंप बंद केला, डिझेल तोडलं, तरी ते थांबत नाही.

४. गिअर न्यूट्रल आहे का बघा. भोकांवर सैल फडकं टाका, तोंड बाजूला घ्या. क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. चार स्ट्रोकचं इंजिन आहे, दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टनचं चक्र पूर्ण होतं. तेल पिचकारीसारखं बाहेर येतं, तेव्हा नवे कपडे घालून हे काम करू नका.

५. मध्येच घट्ट अडकलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. तिथेच थांबा आणि आम्हाला सांगा.

६. हाताने मोकळं फिरलं, तर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. मग बॅटरी जोडा, पंपाचा स्टॉप ओढून ठेवा आणि नोझल बाहेरच ठेवून सेल्फ पाच-पाच सेकंद मारा. उरलेलं तेल उडून जाईल, आणि ऑइलच्या प्रेशरचा काटाही हलला पाहिजे. काटा हलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७. नोझल बसवताना तांब्याचे वॉशर नवे. जुने वॉशर तापवून पुन्हा वापरतात, पण चार रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरच्या तोंडाशी एक सपाट फळी घेऊन माणूस उभा ठेवा. इंजिन सुटलं तर हवेचं तोंड फळीने बंद करायचं. हात लावू नका, फडकंही नको, ते आत ओढलं जातं. एअर क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलेलं तेलसुद्धा इंजिन ओढतं.

ट्रॅक्टर उलटा पडून इंजिन चालूच राहिलं असेल, तर मामला वेगळा. तेव्हा ऑइल पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी फिरतात. अशा वेळी चालू करून बघण्यात अर्थ नाही. जुनं ऑइल फडक्यातून गाळा, फिल्टर कापून उघडा. चकाकणारा चुरा दिसला तर चेंबर खोलावाच लागेल.

बाकीचं, जे दिसत नाही

टाकीत वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ पलटल्यावर ढवळला जातो. दोन्ही डिझेल फिल्टर बदला, टाकी धुवा. मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढा: आधी फिल्टरच्या स्क्रूपाशी, मग पंपाच्या, शेवटी नोझलच्या नटांपाशी.

रेडिएटर पुढे-मागे सरकला आहे का, पंख्याचं पातं जाळीला घासतं का, हे हाताने फिरवून बघा. टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि पुढच्या अॅक्सलची सेंटर पिन तपासा. पुढच्या चाकांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. पुढचं माप काही मिलिमीटरने कमी असायला हवं. उलटं निघालं तर काहीतरी वाकलंय.

मागे जॅक लावून चाकं फिरवा, रिम लचकते का बघा. डिफरन्शियलचं तेल ब्रेकमध्ये आणि गिअरबॉक्सचं तेल क्लच प्लेटवर उतरतं. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडपट्टीने एकत्र बांधलेली हवीत. इंदूरजवळच्या भेरूघाट किंवा सिमरोलच्या उतारावर एकच ब्रेक लागला तर काय होतं, ते तिथून ट्रॉली आणणाऱ्यांना माहीत आहे.

आणि चीर. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं अॅक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेलं, सगळं बीड (ओतीव लोखंड). ती चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. जागा ग्रीस काढून स्वच्छ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड लावा. चीर असेल तर पांढऱ्यावर ओली काळी रेघ उमटते. बेल हाउसिंगच्या दोन्ही बाजू, पुढचा सपोर्ट आणि मागच्या हाउसिंगची मुळं, या जागा सोडू नका.

बेल हाउसिंगची चीर आम्ही वेल्डिंग करून देत नाही, यावर बरेच ग्राहक नाराज होतात. बाहेर कुणीतरी साध्या वेल्डिंग रॉडने शिवून देतो आणि ते स्वस्त पडतं, हेही माहीत आहे. पण बीड नीट तापवल्याशिवाय शिवलं की टाक्याच्या शेजारी नवी चीर जाते, आणि ही जागा पूर्ण ट्रॅक्टर तोलून धरते. आम्ही जुन्या बाजारातलं साबूत हाउसिंग शोधून बसवतो. वाकलेला कनेक्टिंग रॉड सरळ करून बसवणं, हेही आमच्याकडे होत नाही.

दर आणि वेळेबद्दल

फोनवर अंदाज का देत नाही, असं विचारतात. नोझल काढून इंजिन हाताने फिरवल्याशिवाय कुणालाच अंदाज देता येत नाही. देणारा नंतर वाढवतो. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, पण काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा होतात. महू, सांवेर, देपालपूरपर्यंत मिस्त्री नोझलचे पाने आणि वॉशर घेऊन शेतावर येतो. पुष्कळदा ट्रॅक्टर तिथेच चालू होतो, आणि इंदूरपर्यंतचं भाडं वाचतं. आणावाच लागला तर गाडीवर चढवून आणा, ओढत नको.

पूर्ण विमा असेल तर काहीही खोलण्याआधी कंपनीला कळवा आणि पडलेल्या अवस्थेतले फोटो काढा. सर्व्हेअरने बघण्याआधी खोललेल्या पार्टवरून दावा अडतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तुमच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती मिळत नाही.

रोल बार (पलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) असलेला ट्रॅक्टर पलटला असेल तर तो बार वाकलेला नसला तरी बदलायचा. एकदा भार घेतलेल्या बारवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही, त्याला वेल्डिंगही करायचं नसतं. उन्हासाठी लावलेलं छत म्हणजे रोल बार नव्हे. तुमच्या मॉडेलला कंपनीचा बार मिळत असेल तर आम्ही मागवून बसवतो, सीट बेल्टसकट. बेल्ट नसेल तर पलटताना माणूस बारच्या बाहेर फेकला जातो. बार नसलेल्या ट्रॅक्टरला नुसता बेल्ट मात्र लावू नका.

फोन करताना एवढं सांगा: मॉडेल, कुठल्या बाजूला पडला, किती वेळ पडून होता, पडल्यावर इंजिन चालू होतं का, आणि सेल्फ किंवा धक्का मारून झाला आहे का. शेवटचं लपवू नका. त्यावरून मिस्त्रीने फक्त नोझलचे पाने घ्यायचे की चेंबर खोलायची तयारी ठेवायची, ते ठरतं.