लाड पुरवून घेणारी उर्वशी

हौशी बागवाल्यांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या झाडांत उर्वशीचं नाव बरंच वर असतं, आणि घरच्या बागेत मात्र ती फार क्वचित दिसते. रोप सहजासहजी मिळत नाही. मिळालंच तर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायला लागतात. मग खापर फुटतं मातीवर, खतावर, नाहीतर माळ्यावर. पण या झाडाची आजवरची हकिकत पाहिली, तर त्याने भल्याभल्यांना असंच झुलवलंय. त्यात एक ड्यूकही आहे.

हे झाड मूळचं ब्रह्मदेशाच्या दक्षिण भागातलं. 1824 ते 1826 या काळात इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात पहिलं युद्ध झालं आणि तेनासरीमचा किनारा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. नव्या मुलखातल्या जंगलांत काय काय आहे, मुख्य म्हणजे सागवान किती आहे, हे पाहायला कंपनीने नॅथॅनियल वॉलिकला पाठवलं. वॉलिक मूळचा डॅनिश. सेरामपूरच्या डॅनिश वसाहतीत शल्यवैद्य म्हणून आला आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला.

1827 मध्ये तो सालविन नदीकाठी, मर्तबानच्या वरच्या अंगाला कोगुन इथे पोचला. तिथल्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढे लालभडक फुलांच्या राशी वाहिलेल्या असत. कंपनीचा राजदूत जॉन क्रॉफर्ड याच्या नजरेला ती फुलं आधीच पडली होती. वॉलिकला जवळच्या एका पडक्या मठाच्या आवारात या फुलांची दोन झाडं सापडली. मोठं झाड सुमारे 40 फूट उंच आणि फुलांनी लगडलेलं. जगात कुठेही याच्या तोडीचं फुलझाड नसेल, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. एरवी रुक्ष नोंदी करणारा माणूस इतका वाहवत गेला, याचं झाड फुललेलं पाहिलेल्याला नवल वाटणार नाही. हातभर लांब देठावरून फुलांचं झुंबर खाली लोंबतं. फुलाखालची दोन गुलाबी छदकं, म्हणजे फुलाच्या देठावरची छोटी पानं, पाकळ्यांइतकीच देखणी, आणि वरच्या रुंद पाकळीवर पिवळा ठिपका.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शास्त्राला हे झाड भेटलं ते रानात नाही, तर मठाच्या बागेत. कुणीतरी ते पूजेच्या फुलांसाठी हौसेने लावलेलं होतं. रानातले त्याचे नमुने नंतरही मोजकेच मिळाले. म्हणजे आपल्याला माहीत असलेली उर्वशी मुळातच माणसाने जोपासलेली आहे.

वॉलिकने तिचं शास्त्रीय नाव ‘अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस’ ठेवलं ते गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट आणि तिची मुलगी यांच्यावरून. दोघींनाही वनस्पतींची आवड होती, हे खरं. पण वरिष्ठांच्या घरच्यांची नावं फुलांना देणं नोकरीच्या दृष्टीनेही गैरसोयीचं नव्हतं! 1830 मध्ये निघू लागलेल्या वॉलिकच्या भव्य सचित्र ग्रंथात या झाडाला पहिल्याच पानांवर मान मिळाला. त्या ग्रंथाची बरीच चित्रं विष्णुप्रसाद आणि गोराचंद या भारतीय चित्रकारांची आहेत. त्यांच्या नावाने मात्र एखादं झाड ओळखलं जात नाही.

ते चित्र पाहून इंग्लंडमधले श्रीमंत बागशौकीन वेडे झाले. डेव्हनशरचा सहावा ड्यूक आणि त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी 1835 मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला थेट भारतात धाडलं. खासी टेकड्यांतली ऑर्किड गोळा करायची होतीच, पण खरा डोळा उर्वशीवर होता. कलकत्त्याच्या उद्यानातून त्याला रोपं मिळाली आणि 1837 मध्ये तो परतला. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यातून रोप जिवंत नेणं शक्य झालं ते वॉर्डच्या पेटीमुळे. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने दाखवून दिलं होतं, की बंद काचपेटीत मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमतं आणि पुन्हा मातीत उतरतं, त्यामुळे रोप महिनोन् महिने तगतं. ड्यूकच्या चॅट्सवर्थच्या वाड्यावर रोप पोचलं, उबदार काचघर मिळालं, सगळी बडदास्त झाली. फूल मात्र येईना. युरोपातला पहिला बहर आला तो 1849 मध्ये, लंडनजवळच्या ईलिंग पार्कमध्ये, लुइसा लॉरेन्स या बाईंच्या काचघरात. पहिला तुरा त्यांनी राणी व्हिक्टोरियाला पाठवला. ड्यूकला काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

इंग्लंडात काचघराबाहेर तिचा निभाव लागणं शक्यच नव्हतं. ती रमली ती उष्ण, दमट प्रदेशांतल्या वनस्पती उद्यानांत: श्रीलंकेतलं पेरादेनिया, सिंगापूर, त्रिनिदाद. तिथून ती हळूहळू खासगी बागांत आली. पण गुलमोहोरासारखी रस्तोरस्ती पसरली नाही, याचं मोठं कारण बी. लागवडीतल्या झाडांवर शेंगा क्वचितच धरतात, त्यात बिया थोड्या, आणि त्यांची उगवणशक्ती झपाट्याने जाते. म्हणून गुटी कलम बांधून, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडवून, एकेक रोप तयार करावं लागतं, आणि ते कामही सावकाशीचं. रोप दुर्मीळ का, याचं उत्तर इथे आहे.

बाकीचे नखरेही तिच्या मूळ घराशी जोडलेले. सालविनचं खोरं भरपूर पावसाचं आणि दमट हवेचं. त्यामुळे कोरडा वारा तिला सोसत नाही, पाणी साचलेलंही चालत नाही. लहानपणी अर्धी सावली लागते आणि मुळं दुखावली की ती रुसून बसते, म्हणून जागा एकदाच ठरवावी. पूर्ण वाढलं की झाड 12 मीटरपर्यंत जातं, त्यामुळे भिंतीलगत लावण्यात अर्थ नाही. ती चिंचेच्या आणि सीतेच्या अशोकाच्या कुळातली. अशोकाप्रमाणेच तिची कोवळी पालवी तांबूस, मलूल होऊन खाली लोंबते, आणि नव्याने लावणारा माणूस पाणी कमी पडलं असं समजून बादलीवर बादली ओततो. ती पानं काही दिवसांत आपोआप हिरवी होऊन ताठ होतात.