अर्भकांतील एचआयव्हीचे लवकर निदान

एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाला संसर्ग झाला आहे का, हे त्याच्या रक्तातील विषाणूचे जनुकद्रव्य शोधून पहिल्या काही आठवड्यांतच ठरवण्याची पद्धत. नेहमीच्या रॅपिड चाचणीत प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) दिसतात. मातेची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात व १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणून संसर्ग नसलेल्या बाळाची चाचणीही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (प्रतिपिंडे आढळली अशी) येऊ शकते. तोवर थांबणे धोक्याचे, कारण उपचाराविना बाधित बाळांपैकी सुमारे एकतृतीयांश वर्षाच्या आत दगावतात.

या चाचणीसाठी बाळाचे रक्त गाळणकागदावर वाळवून पाठवतात. असे रक्त तपासण्याचे श्रेय सहसा अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांना देतात (१९६०च्या दशकाचा आरंभ). पण रसायनशास्त्रज्ञ ईव्हार बांग यांनी रक्तशर्करेसाठी कागद वापरला तो त्याही आधी, १९१३च्या सुमारास. तरी टाचेतून रक्त घेऊन नवजातांची सरसकट तपासणी करण्याची रीत गथ्रींपासून धरणेच सयुक्तिक. पीसीआरशी (जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती करून ते ओळखण्याच्या तंत्राशी) तिची सांगड साधारण १९९०च्या आसपास पडली. भारतात नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) लवकर निदानाचा हा कार्यक्रम २०१०मध्ये सुरू केला.

नागपुरात मेडिकल, मेयो अशा शासकीय रुग्णालयांतील आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) बाळाचा डीबीएस, म्हणजे कार्डावर वाळवलेल्या रक्तठिपक्यांचा, नमुना घेतात. टाच कोमट ओल्या कापडाने शेकून, स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू देतात. टोचायचे ते टाचेच्या तळव्याच्या कडेला. मधोमध टोचल्यास हाडाला इजा होऊ शकते. पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचा थेंब आपोआप मोठा झाला की कार्डाला टेकवतात. एका थेंबात एक वर्तुळ मागच्या बाजूपर्यंत भिजले पाहिजे, अशी पाच. टाच पिळली तर ऊतींतील पाणी मिसळून रक्त पातळ होते. अर्ध्या वर्तुळावर दुसरा थेंब चढवला तर थर जमतो आणि नमुना नाकारला जातो.

कार्ड आडवे ठेवून निदान तीन-चार तास, शक्यतो रात्रभर, सावलीत वाळवतात. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाळ्यात) कूलरसमोर ठेवण्याचा मोह होतो, पण तो झोत दमट असतो. श्रावणातली हवा त्याहून वाईट. वाळलेले कार्ड ग्लासिन (गुळगुळीत, ओल न शोषणाऱ्या) कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत भरतात. आर्द्रतादर्शकाचा निळा ठिपका गुलाबी झाला की पुड्या बदलतात.

पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, म्हणजे दीड महिन्याच्या लसीबरोबर होते. जन्मतःच तपासावे असाही एक पक्ष आहे. त्यात गर्भाशयात झालेला संसर्ग लवकर कळतो, पण प्रसूतीवेळचा बहुधा सुटतो. एकच संधी असेल तर सहावा आठवडा बरा. चाचणी पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात, मात्र त्याच्या निकालासाठी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) अडवून ठेवत नाहीत. निगेटिव्ह निकाल अंतिम नसतो, कारण अंगावरच्या दुधातून संसर्ग होऊ शकतो. म्हणून सहाव्या व बाराव्या महिन्यात आधी प्रतिपिंड चाचणी करतात आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आल्यास पुन्हा डीबीएस पाठवतात. अंतिम स्थिती १८व्या महिन्यात, दूध तोडल्यानंतर, तीन रॅपिड चाचण्यांनी ठरते.