काचेची फ्रेम म्हणजे पावसाळ्यात टेन्शन नाही? तसं नसतं

रत्नागिरी-मालवणकडे कुणी हॉलसाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट प्रिंट घेतली की हमखास एक सल्ला मिळतो, "काचेची घे, काच असली की दमट हवा आत जातच नाही." वर्षानुवर्षं चाललंय हे. पण काच फक्त पुढून असते हो! हवा येते मागून आणि कडेने, आणि आपली जांभ्याची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरून बसते, फ्रेम तिला चिकटून टांगली की मागचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, ओल पितो, फुगतो, मग कागद लाटेसारखा वर-खाली होतो.

उलट कागद थेट काचेला टेकलेला असेल तर काच जास्तच त्रास देते. आत दव धरलं की शाई काचेला चिकटते, सोडवायला गेलात की रंगाचा पापुद्रा काचेवरच राहतो. म्हणून मधे माउंट लागतो, ती चित्राभोवतीची पांढरी जाड पट्टी, लोकांना वाटतं नुसती शोभा. माउंट अ‍ॅसिड-फ्री मागा, साधा पुठ्ठा कडेने कागद पिवळा पाडतो.

घेताना फ्रेम उलटी करून बघा. मागच्या फटीवर टेप आहे का, खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं आहेत का? नसतील तर स्वतः चिकटवा, भिंतीपासून थोडी फट राहिली की हवा खेळते.

आणि पावसाचा मारा खाणारी नैऋत्येची बाहेरची भिंत सोडा, आतली निवडा. उन्हाचं म्हणाल तर साध्या काचेतूनही बरेच यूव्ही किरण आत येतात, रंग उडतातच.