हवेत खड्डा नसतो, लाट असते

शेजारच्या काकू गेल्या महिन्यात लेहला जाऊन आल्या. फोटो दाखवून झाले आणि गाडी विमानावर आली. "अहो, विमान एकदम खड्ड्यातच गेलं. एअर पॉकेट म्हणे. मी सप्तशृंगीचं नाव घेतलं, तेव्हा कुठे थांबलं." देवीचं नाव घ्यायला हरकत नाही, पण पट्टा आवळला होता का, एवढंच मी विचारलं. आवळला होता. डोकं छताला आपटलं नाही ते त्यामुळे.

हा "एअर पॉकेट" शब्द वाहिन्यांनाही फार आवडतो. विमान हादरलं की पडद्यावर लगेच "हवेच्या पोकळीत विमान". अशी पोकळी आकाशात नसते. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस मीटरवर हवा सुमारे दहा टनांच्या वजनाएवढी दाबत असते. उंचीवर दाब कमी होतो, तरी आजूबाजूची हवा पोकळी टिकू देणार नाही. विमान पडतं तेव्हा विमानाखालची हवा गायब झालेली नसते. ती हवाच खाली चाललेली असते, विमानाला सोबत घेऊन.

ती खाली का जाते, हे पाहायला लेहपर्यंत जायला नको. नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून बेताचं पाणी सोडलेलं असताना गोदावरीच्या काठी उभं राहा आणि पाण्याखाली बुडालेला एखादा धोंडा हेरा. धोंड्याच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेला, पाण्याचा एक उंचवटा दिसतो. तो जागचा हलत नाही. कुणीतरी टाकलेल्या निर्माल्यातलं (टाकू नये, पण टाकतात) झेंडूचं फूल वाहत येतं, धोंड्यावरून घसरतं, खोलगट जागी बुडी मारतं, उंचवट्यावर चढतं, पुन्हा उतरतं आणि रामकुंडाकडे निघून जातं. फूल गेलं, उंचवटा तिथेच.

डोंगरावरून जाणाऱ्या वाऱ्याचं असंच होतं. कोरडी हवा उतारावरून वर ढकलली गेली की पसरते आणि दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. आजूबाजूचं वातावरण मात्र सरासरी ६.५ अंशांनीच थंड होत जातं. म्हणजे किलोमीटरभर चढलेली हवा शेजाऱ्यांपेक्षा ३.३ अंशांनी गार, म्हणून जड. माथा ओलांडला की ती खाली घसरते. वेगात असल्यामुळे आपली मूळ पातळी ओलांडून आणखी खाली जाते, तिथे दाबली जाऊन शेजाऱ्यांपेक्षा गरम आणि हलकी होते, पुन्हा वर येते. विहिरीत रिकामी घागर दाबून सोडली की ती वरखाली हिंदकळते, तसं.

एका हिंदकळीला किती वेळ लागतो? ज्यांना आकडेमोड नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. गुरुत्वत्वरण भागिले केल्विनमधलं तापमान, गुणिले दर मीटरमागचा फरक, म्हणजे ०.००३३, त्याचं वर्गमूळ काढा आणि २π ला (π म्हणजे ३.१४) त्यानं भागा. उत्तर येतं सुमारे ६०० सेकंद, दहा मिनिटं. वारा ताशी ५४ किलोमीटरचा असेल, तर दहा मिनिटांत तो नऊ किलोमीटर पुढे जातो. म्हणजे डोंगरामागे नऊ-नऊ किलोमीटरवर हवेच्या उभ्या लाटांची रांग लागते. नऊ किलोमीटर म्हणजे साधारण नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस बसस्थानक.

आता यात सेसना १७२ सारखं छोटं विमान घाला. समुद्रसपाटीला ते मिनिटाला जेमतेम ७०० फूट चढतं, उंचीवर त्याहूनही कमी. लाटेच्या उतरत्या भागात हवा मिनिटाला हजार फुटांनी खाली जात असेल, तर पूर्ण जोर लावूनही विमान मिनिटाला ३०० फूट उतरतच राहणार. तो उतरता पट्टा असतो लाटेच्या निम्मा, म्हणजे साडेचार किलोमीटरचा. चढताना विमानाचा वेग ताशी १३७ किलोमीटर धरू. वाऱ्याविरुद्ध डोंगराकडेच जात राहिलं, तर जमिनीच्या हिशेबानं ८३ उरतात, पट्टा ओलांडायला सव्वातीन मिनिटं लागतात आणि जवळपास हजार फूट उंची जाते. समोर कडा असतोच. पाठ फिरवून वाऱ्याबरोबर निघालं, तर दीड मिनिटही लागत नाही आणि सव्वाचारशे फुटांत सुटका होते. म्हणून पर्वतात उडणारे वैमानिक धारेकडे सरळ न जाता ४५ अंशांत तिरपे जातात. परतायची वेळ आली तर कमी वळावं लागतं.

गंमत म्हणजे लाटेतलं उड्डाण लोण्यासारखं मऊ असतं. उंचीमापकाचा काटा मुकाट्यानं घसरतो. धक्के खाली, लाटेच्या माथ्याखाली गरगरणाऱ्या हवेत बसतात. ५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून हाँगकाँगला निघालेलं बोईंग ७०७ माउंट फुजीजवळ अशाच खळबळाटात हवेतच मोडलं. १२४ माणसं गेली. आकाश निरभ्र होतं.

हवा दमट असेल, तर लाटेच्या माथ्यावर मसुराच्या दाण्यासारखा ढग बसतो. भिंगाला "लेन्स" हे नाव मसुरावरूनच पडलं. वारा सुसाट असूनही हा ढग तासन्‌तास हलत नाही: एका कडेला नवे थेंब बनतात, दुसऱ्या कडेला विरतात. उडत्या तबकडीच्या "पुराव्यां"मध्ये हे महाशय बऱ्याचदा असतात.

आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रकार थोडा सौम्य होतो. ढगातली हवा चढताना बाष्पाची उष्णता बाहेर पडते, ती कमी गार होते आणि घागरीची उसळी मंदावते. शिवाय सह्याद्री कोकणाच्या बाजूला कड्यासारखा तुटलेला आणि आपल्या बाजूला उतरता, त्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्याला नाशिककडे मोठी उडी मारावी लागत नाही. जुलैत छोट्या विमानाला भीती वेगळीच: ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ढगात बुडालेले असतात, आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई ढगातून डोकावून "मी इथे आहे" असं सांगत नाही.

हिवाळ्यात वारा पूर्वेकडून वाहतो, तेव्हा मात्र तीच हवा पठारावरून येऊन कोकणकड्यावरून खाली कोसळते. काकूंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे खड्डा नव्हता, तर आम्ही धोंड्यावरून घसरलो." झेंडूच्या फुलासारख्या.