साधा, कमी खर्चाचा आणि पर्यावरणाला जपणारा अंत्यविधी: कागदपत्रे कोणती लागतात आणि काम अडते कुठे

विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी, देहदान, अथवा शवपेटीविना केवळ सुती कापडात दफन, यांपैकी एखादा मार्ग घरात आधीच ठरलेला असतो. तरीही ऐन वेळी कुटुंबाला पुन्हा सरणाकडे वळावे लागते, असे महाराष्ट्रात वारंवार घडते. बहुतेक वेळा अडचण एखाद्या कागदाची असते, आणि तो कागद मृत्यूच्या आधी थोडी विचारपूस केली असती तर सहज मिळाला असता. म्हणून या लेखात नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा सविस्तर सांगितल्या आहेत.

दाहिनीसाठी वेगळी पात्रता लागत नाही आणि मृत व्यक्तीने हयातीत काही लिहून ठेवलेले असण्याचीही गरज नाही. पारंपरिक सरणाला साधारण चारशे ते पाचशे किलो लाकूड लागते, ते दाहिनीत लागत नाही. शिवाय अस्थी त्याच दिवशी, बहुधा काही तासांत, हाती मिळतात. लागते ते एवढेच: मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, मृत व्यक्तीचे ओळखपत्र, अर्ज करणाऱ्या नातेवाइकाचे ओळखपत्र आणि या कागदांवर मिळणारा अंत्यविधीचा पास. पास कोठे मिळतो आणि रात्री तेथे कोण असते, हे प्रत्येक शहरात वेगळे आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर ही चौकशी आजच करून ठेवावी.

सर्वांत जास्त काम अडते ते वैद्यकीय दाखल्यावर. रुग्णालयात मृत्यू झाला तर तेथील डॉक्टर नमुना ४ भरून देतात. मृत्यू घरी झाला तर नमुना ४-अ लागतो आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. नव्वदीच्या आजींना कित्येक महिन्यांत कोणी तपासलेलेच नसते, आणि मग पहाटे तीन वाजता नातेवाईक शेजारच्या दवाखान्याचे दार ठोठावतात. तो डॉक्टर नकार देतो तेव्हा राग येतो; पण ज्या रुग्णाला कधी पाहिलेच नाही त्याच्या मृत्यूचे कारण लिहून देणे त्याला शक्य नसते, हे समजून घ्यायला हवे. घरातील वृद्ध माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी एकाच डॉक्टरांना दाखवत जावे आणि ‘काही झाले तर दाखला आपण द्याल ना?’ हा प्रश्न त्यांना स्पष्ट विचारावा. विचारताना जीव कचरतो, पण न विचारल्याची किंमत फार मोठी असते.

दाखला हाती आला की तो तेथेच उभे राहून वाचावा. मी एकदा शववाहिकेपाशी दोन भावांबरोबर दीड तास उभा होतो, कारण दाखल्यावर कारणाच्या जागी केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले होते. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. नमुन्यात त्यामागचा आजार, म्हणजे मधुमेह, पक्षाघात, कर्करोग असे जे असेल ते, क्रमाने लिहायचे असते. चूक डॉक्टरांची होती, धावपळ मात्र त्या भावांच्या वाट्याला आली. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने डॉक्टरांना एक फोन केला असता तर ती टळली असती. अंत्यविधीच्या खिडकीवर एवढी माणुसकी नियमानेच बांधून द्यायला हवी.

अपघात, आत्महत्या, भाजणे, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलिसांना कळवावे लागते. पंचनामा आणि बहुधा शवविच्छेदन झाल्यावर पोलिसांच्या कागदावरच पुढचे सर्व होते. वयस्कर माणूस घरात पडून खुब्याचे हाड मोडले आणि काही दिवसांनी तो गेला, तर तोही अपघाती मृत्यू धरला जाऊ शकतो, हे कित्येकांना ठाऊक नसते.

दाहिनीत देण्यापूर्वी पेसमेकर असल्यास डॉक्टरांना सांगून तो काढून घ्यावा. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. नायलॉनची साडी, प्लॅस्टिकचे हार आणि कृत्रिम धाग्याच्या शाली काढून अंगावर फक्त सुती वस्त्र ठेवावे.

देहदानाबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. हयातीत अर्ज भरून ओळखपत्र घेतले की काम झाले, असे अनेकांना वाटते. हा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो, त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतील एक जवळच्या नातेवाइकाची असावी, असा आग्रह धरला जातो. परंतु अर्ज ही केवळ इच्छा असते. प्रत्यक्ष देह द्यायचा की नाही हे मृत्यूनंतर वारसांच्या हाती असते, आणि एका मुलाने विरोध केला तरी महाविद्यालये सहसा देह स्वीकारत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकांचा अर्ज त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेला सापडला; पण सापडला तो चौथ्या दिवशी. मृत्युपत्रात लिहिलेल्या इच्छेचेही असेच होते, कारण मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतरच उघडले जाते. अर्जाची एक प्रत दर्शनी जागी असावी आणि सर्व मुलांना, सुनांना व जावयांना एकत्र बसवून एकदा सांगितलेले असावे.

अर्ज भरलेलाच नव्हता तरी वारसांची एकमताने संमती असेल तर देहदान होऊ शकते, ही गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. उलट अर्ज असूनही देह नाकारला जाऊ शकतो: शवविच्छेदन झालेले असल्यास, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क्षयासारखा संसर्ग असल्यास, देह कुजू लागल्यास. म्हणून निघण्यापूर्वी विभागाला फोन करावा, सुटीच्या दिवशी देह कोण स्वीकारते हे विचारावे, आणि नकार आल्यास कोणती दाहिनी, हे आधीच ठरवून ठेवावे. नेण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी कुटुंबालाच करावा लागतो. नेत्रदान करायचे असेल तर ते सहा तासांच्या आत व्हायला हवे. नेत्रपेढीला कळवून पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी नेत्रदान करता येते. नेत्रदानानंतरही देहदान बहुधा स्वीकारले जाते.

दफन करणाऱ्या समाजांत कापडातले साधे दफन अनेक ठिकाणी रूढच आहे. तेथे अडते ते जागेवर: दफन ठरवून दिलेल्या दफनभूमीतच करावे लागते, आणि स्वतःच्या शेतात झाडाखाली करायचे तर स्थानिक प्रशासनाची परवानगी आधी हवी. मृत्यूनंतरच्या काही तासांत ती मिळणे जवळपास अशक्य असते.

आता नोंदणी. दाहिनीची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत निबंधकाला द्यावी लागते आणि हे दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजले जातात. दिवसकार्य आटोपून निवांत जाऊ म्हणणाऱ्यांच्या हाती तेराव्यानंतर जेमतेम आठवडा उरतो. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालयाने कळवायचा असतो, घरातला कुटुंबाने. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते, त्यापुढे एका वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा, उपविभागीय किंवा अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे.

नोंद मृत्यू जेथे झाला तेथेच होते, राहत्या गावी नव्हे. गावचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला आणि अंत्यविधी गावी झाला, तरी नोंद पुण्यातच. ग्रामपंचायतीने अर्ज परत केला तर तो त्यांचा आडमुठेपणा नसतो. देहदान झाले असेल तर स्मशानाची पावती नसतेच. तिच्या जागी महाविद्यालयाने देह स्वीकारल्याची पोच जोडावी. ती पोच त्याच दिवशी, सही-शिक्क्यासह मागून घ्यावी, कारण नंतर तिच्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

नोंद होण्यापूर्वी माहितीच्या अर्जातील नाव आधारकार्डाशी मराठीत आणि इंग्रजीत अक्षरन्अक्षर ताडून पाहावे. ‘लक्ष्मीबाई’ आणि ‘लक्ष्मी’ ही एकच बाई आहे, हे बँकेला, विमा कंपनीला आणि सातबाऱ्यावर वारसनोंद करणाऱ्या तलाठ्याला नंतर पटवून देण्यात महिने जातात.