खडा पित्ताशयात, काळजी हृदयाची

सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केलेली असते आणि रिपोर्टात एक ओळ निघते: पित्ताशयात खडा. दुखत नसेल तर कागद फायलीत जातो. बहुतेक खडे आयुष्यभर गप्पच बसतात, त्यामुळे त्यात फारसं चुकत नाही. पण ती ओळ हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवण्यासारखी आहे.

'पित्त झालं' असं आपण म्हणतो तेव्हा त्रास जठरातल्या आम्लाचा असतो. हे पित्त वेगळं. यकृतात दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार होणारा हा पिवळसर-हिरवा रस. जास्तीचं कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जातं ते मुख्यतः याच वाटेनं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही; पित्तातले क्षार आणि लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ त्याला धरून ठेवतात. कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलं की ही पकड सुटते, बारीक स्फटिक पडतात, आणि पित्ताशय सुस्त असेल तर तिथेच साचून त्यांचा खडा होतो. असा खडा मधोमध कापला तर केंद्रातून कडेकडे गेलेले चकचकीत पिवळट आरे दिसतात.

कोलेस्टेरॉल अठराव्या शतकात पहिल्यांदा सापडलं तेच मुळी अशा खड्यांत. पुढे शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्याचं नाव ठेवलं, तेही 'पित्त' आणि 'घट्ट' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. रक्तवाहिन्यांची पाळी बरीच नंतर आली. १९१० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांना रोगट महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत) निरोगी महाधमनीच्या वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल आढळलं.

मग एकाच माणसात खडे आणि हृदयविकार हे दोन्ही आजार दिसतात का? चीनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या पाहणीत खडे असलेल्यांना हृदयविकाराचा धोका २३ टक्के जास्त निघाला. २०१६ मध्ये सात अभ्यासांची, आठ लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही आकडा २३ टक्केच आला. आकडा ऐकून दचकू नये: शंभरात दहा जणांना होणारा आजार बाराएक जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या नोंदींत हा संबंध लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब नसलेल्यांमध्ये अधिक ठळक दिसला.

म्हणजे खडाच हृदय बिघडवतो? मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे एक जनुक. एबीसीजी८ या जनुकाचा एक प्रकार कोलेस्टेरॉल पित्तात जोरानं ढकलतो. तो ज्यांच्यात असतो त्यांना खडे जास्त होतात, पण रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी राहतं आणि हार्ट अटॅकही कमी येतात! खडाच गुन्हेगार असता तर हे उलटं झालं असतं. संशय जातो तो दोन्हींच्या मागे असणाऱ्या इन्शुलिन-प्रतिरोधावर, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्या स्थितीवर. त्यात यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड्स हे चरबीचे घटकही वाढतात. ऑपरेशननं पित्ताशय जातं. यकृत मात्र तेच राहतं.

दुखण्यातली गल्लत तर आणखी वेगळी. भरपेट जेवणानंतर रात्री पोटाच्या वरच्या भागात खड्याची कळ उठते, उजव्या खांद्याकडे जाते, घाम फुटतो. हार्ट अटॅकची कळही कधीकधी अशीच पोटात येते. शिवाय पित्ताशय सुजलं असेल तर ईसीजीतही बदल दिसू शकतात. अशा वेळी घरी बसून 'खड्याचंच असेल' असं ठरवायचं नसतं. डॉक्टरही आधी ईसीजी काढतात, सोनोग्राफी मागाहून.