स्कीची कंबर

डिसेंबरात भाचा घरी आला. दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करून आल्यापासून त्याला बर्फाचं वेड लागलं आहे. या फेब्रुवारीत पुन्हा जायचं आहे, आणि यंदा स्वतःच्या स्की घ्यायचा विचार आहे. त्याने मोबाइल पुढे केला. "मामाजी, सगळे शंभर मिलिमीटरची घे म्हणून राहिले. दाबलेल्या बर्फावर पण चालते, बाहेरच्या भुसभुशीत बर्फात पण. घेऊ का?"

शंभर मिलिमीटर म्हणजे स्कीच्या कंबरेची रुंदी. स्की वरून पाहिली तर पुढचं टोक रुंद, मधला भाग अरुंद आणि शेपटी पुन्हा थोडी रुंद दिसते. बूट बसतो तो मधला अरुंद भाग म्हणजे कंबर. मी त्याला विचारलं, कंबर रुंद असली की नक्की काय होतं? तो म्हणाला, "वजन पसरतं, दाब कमी होतो. पण मग बर्फ कमी वितळेल आणि घसरण कमी होईल ना?"

या उत्तराचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेला आहे: दाबाने बर्फ वितळतो, म्हणून त्यावरून घसरता येतं. आकडे मांडून पाहू. बर्फाचा वितळणांक १ अंश सेल्सिअसने खाली आणायला साधारण १३५ वातावरणांइतका दाब लागतो. ७५ किलोचा माणूस दोन स्कींवर उभा राहिला तर त्याचं वजन सुमारे ३,५०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम २१ ग्रॅम. एवढ्या दाबाने वितळणांक अंशाच्या सहा-सात हजाराव्या भागाइतका हलेल. सगळं वजन एकाच पोलादी कडेवर आणलं तरी फरक अंशाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासच राहतो. उणे १० अंशांच्या सकाळी याचा काय उपयोग? बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात, फॅरेडेने १८५० मध्येच तिथे पातळ द्रवासारखा थर असावा असं सुचवलं होतं. शिवाय बाउडेन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख इथे प्रयोग करून दाखवलं की स्की सरकताना घर्षणाची जी उष्णता निर्माण होते, ती पाण्याचा बारीक थर तयार करते. म्हणजे घसरण्याची काळजी सोडून द्यायला हरकत नाही. कंबरेचा खरा संबंध वळण्याशी आणि रुतण्याशी आहे.

वळण्यात जी भूमिती आहे ती मला फार आवडते. करून बघा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची २० सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. तिच्या दोन्ही लांब कडा मधोमध प्रत्येकी ५ मिलिमीटर आत जातील अशा गोलाईने कापा. झाली कागदाची स्की. आता ती टेबलावर एका कडेवर तिरकी धरा, साधारण ४५ अंशांत. कडेची फक्त दोन टोकं टेबलाला टेकतील, मधे फट राहील. बोटाने मधला भाग खाली दाबा. पट्टी वाकेल, फट बुजेल आणि पूर्ण कड टेबलाला चिकटेल. आता त्या कडेलगत पेन्सिल फिरवा. कागदावर वर्तुळाचा तुकडा उमटेल. सरळ कडांच्या पट्टीने हाच प्रयोग केला तर पेन्सिलीची रेघ सरळच येईल.

स्की वळते ती अशीच. बोट दाबतं त्या जागी माणसाचं वजन असतं. स्की कलली, वजनाने वाकली, की तिची कड बर्फात एक कमान कोरते आणि पुढचा सगळा प्रवास त्याच खाचेतून होतो, रूळावरून गाडी जावी तसा. पाय आडवे फेकून वळावं लागत नाही. यालाच कार्व्हिंग म्हणतात.

हे वर्तुळ केवढं असेल? गोलाईची खोली d आणि टेकणाऱ्या कडेची लांबी L असेल तर त्रिज्या साधारण L² भागिले ८d. भाच्याच्या यादीतली एक स्की घेऊ: टोक १३२ मिलिमीटर, कंबर ९०, शेपटी ११८. दोन्ही टोकांची सरासरी १२५. त्यातून ९० गेले, ३५ उरले, ते दोन बाजूंत वाटले, म्हणजे d झाला १७.५ मिलिमीटर. टेकणारी कड दीड मीटर धरली तर त्रिज्या येते सुमारे १६ मीटर. स्कीवर छापलेला 'आर १६' म्हणजे हाच आकडा. पावणेदोन सेंटिमीटरची गोलाई १६ मीटरचं वळण ठरवते!

पण १६ मीटर ही न कललेल्या स्कीची त्रिज्या झाली. स्की θ कोनात कलवली की फट बुजवण्यासाठी तिला जास्त वाकावं लागतं, आणि बर्फावर उमटणाऱ्या कमानीची खोली d न राहता d भागिले cos θ होते. खोली वाढली की त्रिज्या घटते, म्हणून प्रत्यक्ष त्रिज्या १६ × cos θ. कल ६० अंशांचा असेल तर ८ मीटर. म्हणजे एकाच स्कीमध्ये अनेक वळणं साठवलेली असतात, हवं ते फक्त कल बदलून बाहेर काढायचं.

आता यात वेग घाला. वळताना शरीर आत झुकवावं लागतं, सायकलवर झुकतो तसंच, आणि त्यासाठी tan θ = v²/gR; v म्हणजे वेग, R वळणाची त्रिज्या आणि g गुरुत्वत्वरण, ९.८. शरीराचा आणि स्कीचा कल एकच धरला आणि R च्या जागी १६ cos θ घातलं, तर उरतं sin θ = v² / (९.८ × १६). ताशी ३६ किलोमीटरला कल येतो ४० अंश. पण साइन १ च्या वर जात नाही! म्हणून १६ मीटरच्या स्कीला शुद्ध कार्व्हिंगसाठी वेगाची मर्यादा आहे, सुमारे ताशी ४५ किलोमीटर. उतार, शरीराचं कंबरेतून वाकणं, बर्फाचं दबणं या सगळ्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा मागेपुढे होतो, पण तिथून पुढे स्की खाच सोडून आडवी घसरू लागते. पुरुषांच्या जायंट स्लॅलम (रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या) शर्यतीत ३० मीटर त्रिज्येच्या लांब, कमी गोलाईच्या स्की का वापरतात, ते या एका समीकरणात दिसतं. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान भारतातर्फे याच प्रकारात उतरला होता.

ही गोलाई नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइमने एकोणिसाव्या शतकात लाकडी स्कीमध्ये आणली. मात्र ती भरपूर खोल करण्याचं धाडस व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीची खोल गोलाईची स्की १९९३ ची.

हे सगळं गणित कड टेकायला घट्ट बर्फ असेल तेव्हाचं. यंत्राने दाबलेला बर्फ घनमीटरला ४०० किलोच्या वर असतो. ताजा भुसभुशीत बर्फ ५० ते १०० किलोच. त्यात कड टेकायला काही नसतंच. तिथे स्कीचा सगळा तळ काम करतो. भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, कारण साधं चाक रुतून बसतं. रुंद स्कीचं काम तेच. त्यातच तिचं पुढचं टोक लवकर वर उचललेलं असेल, ज्याला रॉकर म्हणतात, तर ती बर्फात रुतत नाही, वर येत राहते. स्कीपटू शेन मॅकॉन्कीने हा विचार टोकाला नेला. पाण्यावरच्या स्कीइंगच्या पट्ट्या बर्फात वापरून पाहिल्यानंतर त्याने २००२ मध्ये 'स्पॅट्युला' नावाची स्की बाजारात आणवली. तिची कंबर रुंद आणि टोकं अरुंद, शिवाय ती मधे खाली आणि टोकांना वर वाकलेली. भुसभुशीत बर्फात अप्रतिम, दाबलेल्या उतारावर त्रासदायक.

'ऑल-माउंटन', म्हणजे दोन्ही प्रकारच्या बर्फावर चालणारी म्हणून विकली जाणारी स्की, या दोन टोकांच्या मधे उभी आहे. दोन्ही गोष्टी पूर्ण देणारी स्की भूमितीच होऊ देत नाही. रॉकर वाढवला की घट्ट बर्फावर टेकणारी L कमी होते. कंबर रुंद केली की d कमी होतो, नाहीतर टोकं अवजड होतात. शिवाय कड बुटाच्या मध्यरेषेपासून दूर जाते. ६८ मिलिमीटरच्या स्कीत ती ३४ मिलिमीटरवर असते, १०० च्या स्कीत ५० वर. कडेवर उभं राहताना बर्फ उलट ढकलतो, आणि हा जवळपास दीडपट लांब झालेला तरफेचा दांडा स्की पुन्हा आडवी पाडायला बघतो. त्याला अडवायचं काम घोटा आणि गुडघ्याचं. दिवसभर कडक बर्फावर रुंद स्की चालवली की गुडघे का बोलतात, त्याचं उत्तर इथे आहे.

जाहिरातींबद्दल एक सांगायलाच हवं. 'टायटॅनलचे दोन थर' वाचून लोकांना टायटॅनियम आठवतं आणि ते जादा पैसे मोजतात. टायटॅनल हा मुख्यतः ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. तो स्कीला पिळाविरुद्ध कडकपणा देतो, थरथर कमी करतो, वजन वाढवतो. तरबेज, भरधाव माणसाला त्याचा फायदा आहे. ६० किलोच्या, अजून शिकणाऱ्या मुलाला ती स्की वाकवताच येणार नाही, आणि वाकली नाही तर वरचं सगळं समीकरण कागदावरच राहील.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि तिथला गंडोला, म्हणजे केबल कार, अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. वरचा बहुतेक उतार कुणी दाबलेला नसतो. म्हणून तिथे रुंदीकडे थोडं झुकणं योग्य. फक्त रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. सपाट पाट्यासारखा बर्फ सुटून येतो तो बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, नेमक्या आपल्याला मोहवणाऱ्या. भाच्याचा एक मित्र प्रवासाचा मुहूर्त पंचांगात बघून आला होता. मुहूर्ताला बर्फाच्या थरांचं काही कळत नाही. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण प्रयोगशाळेचं हिमस्खलनाचं पत्रक त्या सकाळी वाचायचं, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेतल्याशिवाय आणि वाटाड्या सोबत असल्याशिवाय आखलेल्या उताराच्या दोरीबाहेर जायचं नाही, हे मी दोघांनाही बजावलं.

आणि स्की? आत्ता विकत घेऊ नको, म्हटलं. बूट तेवढे स्वतःचे घे, कारण बूट पायात सैल असेल तर कल स्कीपर्यंत पोचतच नाही. तिथे भाड्याने एक दिवस ८८ ची घे, दुसऱ्या दिवशी ९८ ची. लांबी शक्य तितकी सारखी. सकाळी दोन्ही एकाच दाबलेल्या उतारावर चालव, मग वर जा. आणि प्रत्येक वळणानंतर थांबून मागे बघ. बर्फात एक बारीक, स्वच्छ रेघ दिसली तर ती स्की तुला वाकवता येते. रुंद, खरवडलेला पट्टा दिसला तर अजून येत नाही.

त्याने लग्नपत्रिकेची ती पट्टी बॅगेत टाकली आणि रात्री फोन करून विचारलं, "मामाजी, पण उतारावर g चं काय होतं?"